ब्रिंजल चूक नाही, बाई. पण दुकानात एगप्लांटच मागा

पत्र: मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवत होते. सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आले आहे. परवा इथल्या एका मोठ्या दुकानात भरायला लहान वांगी हवी होती. तिथल्या मुलाला ब्रिंजल कुठे ठेवलीत म्हणून विचारलं, तर त्याला काही कळेचना. सावकाश सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, तरी तो आपला बघतोय. शेवटी चौथीतला नातू मध्ये पडला, त्याने 'एगप्लांट' म्हटलं आणि वर मलाच ऐकवलं, "आजी, ब्रिंजल हा इंग्लिश वर्डच नाहीये." सूनही म्हणाली, "आई, इथे ब्रिंजल नका म्हणू, लोक हसतात." म्हणजे इतकी वर्षं मी मुलांना चुकीचं शिकवलं का? आणि मग बरोबर काय, एगप्लांट की ओबर्जीन? पुढच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाचा गणपती आहे. सगळ्यांनी एकेक पदार्थ न्यायचा, मी भरली वांगी नेणार आहे. पातेल्यापुढे इंग्रजीत नावाची चिठ्ठी ठेवावी लागते. तिच्यावर काय लिहू? — एक निवृत्त बाई

प्रिय बाई,

आधी तुमच्या मनाला लागलेल्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही काहीही चुकीचं शिकवलेलं नाही. ब्रिंजल हा इंग्रजी शब्द आहे, इंग्लंडात छापलेल्या इंग्रजी शब्दकोशांत तो सापडतो आणि त्याच्यापुढे 'भारत आणि दक्षिण आफ्रिका' अशी नोंद असते. ही नोंद म्हणजे चुकीचा शेरा नव्हे, शब्दाचा पत्ता आहे. नातवाचं वाक्य अर्धं बरोबर होतं. त्याने 'हा अमेरिकन शब्द नाही' म्हटलं असतं तर त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले असते. तेवढी एक दुरुस्ती त्याच्याकडून करून घ्या, तुम्हाला ती सवय आहेच.

दुकानातल्या पोराला शब्द माहीत नव्हता आणि बोलणी खाल्ली तुम्ही. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते इतकं शब्दशः क्वचितच घडतं.

आता हा शब्द आला कुठून ते पाहू, कारण नातवाला गप्प करायला नुसता शब्दकोश पुरणार नाही. पोर्तुगीज भाषेत वांग्याला बेरिंजेला म्हणतात. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. इंग्रज व्यापारी सुरतेला वखार घालायला आले तेव्हा पुढचं शतक उजाडलं होतं आणि पश्चिम किनाऱ्यावर परक्यांशी व्यवहार करण्याची भाषा म्हणून एक मोडकीतोडकी पोर्तुगीज आधीच रुळलेली होती. इंग्रजांनी बाजारात जे कानावर पडलं ते उचललं. ब्रिंजल त्यातलंच. म्हणजे ज्या काळात अमेरिका नावाचा देशही नव्हता त्या काळात इकडे इंग्रज ब्रिंजल खात होते आणि त्याला ब्रिंजलच म्हणत होते.

पोर्तुगीजांना तो शब्द अरबांकडून मिळाला. स्पेन-पोर्तुगालवर अरबी भाषकांचं राज्य होतं तेव्हा वांगं तिथे पोचलं, ते 'बाझिंजान' हे नाव घेऊन. अरबीत ते फारसीतल्या 'बादिंगान'वरून आलं आणि फारसीत भारतातून. संस्कृतात वांग्याला वातिंगण असा एक शब्द आहे. त्याच्याही मागे द्राविडी भाषांतलं एखादं जुनं नाव असावं असं काही अभ्यासकांना वाटतं. हिंदीचं बैंगन आणि आपलं वांगं याच घराण्यातले मानतात. थोडक्यात, पीक इथलं, नाव इथलं, आणि फिरून गोव्याच्या धक्क्यावर उतरलं तेव्हा ते ओळखू येईनासं झालं होतं.

गंमत पुढे आहे. ओबर्जीन हा इंग्लंडातला आजचा प्रतिष्ठित शब्द. तो फ्रेंचांकडून आला, फ्रेंचांनी तो कातालान भाषेतल्या 'अल्बर्जीनिया'वरून घेतला, आणि ते 'अल' म्हणजे अल्जिब्रातलं आणि अल्कोहोलातलं अरबी 'अल'. पुढचा भाग पुन्हा तोच बाझिंजान. म्हणजे ब्रिंजल आणि ओबर्जीन या सख्ख्या बहिणी. एक गोव्यामार्गे इंग्रजीत आली, दुसरी पॅरिसमार्गे. पॅरिसवालीला हॉटेलच्या मेन्यूत मानाचं पान मिळालं आणि गोवेवालीला 'हा इंग्लिश वर्डच नाही' ऐकावं लागलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोन ब्रिटिश पंडितांनी 1886 मध्ये भारतातल्या इंग्रजांच्या बोलीचा एक मोठा कोश छापला. त्यात ब्रिंजलच्या नोंदीत त्यांनी म्हटलं आहे की अर्थ तोच ठेवून इतकी विलक्षण रूपं बदललेला दुसरा शब्द बहुधा नसेल. तिथेच ते सांगतात की वेस्ट इंडीजमध्ये ब्रिंजलचं 'ब्राउन-जॉली' झालं! ऐकू आलं तसं, आणि जरा अर्थ लागेल असं. इटलीत त्याच अरबी बाझिंजानचं 'मेलांझाना' झालं, मग लोकांना त्यात 'मेला इन्साना', म्हणजे वेडं सफरचंद, ऐकू यायला लागलं. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी वनस्पतिग्रंथांत वांग्याला खरोखरच 'मॅड ॲपल' म्हटलेलं आहे. वांगं खाल्लं की माणूस बिघडतो असा समज तेव्हा युरोपात होता. धोतऱ्याच्या आणि तंबाखूच्या कुळातलं फळ, म्हणून शंका घेत असतील. त्याच कुळातला बटाटा, टोमॅटो आणि मिरची आज ते पोटभर खातात तो भाग वेगळा. वांग्याच्या शास्त्रीय नावात जे 'मेलॉन्जेना' आहे, तेही या मेलांझानाच्याच घरातलं.

राहिला एगप्लांट. या सगळ्या गोतावळ्यात तो एकटाच अस्सल इंग्रजी आहे, आणि ऐकणाऱ्याला कोड्यात टाकणाराही तोच. जांभळ्या वांग्यात अंडं कुठून आलं? अठराव्या शतकात इंग्रजांच्या बागांमध्ये जी वांगी लावली जात त्यांत एक जात पांढरी, लहान, गुळगुळीत, हुबेहूब कोंबडीच्या अंड्यासारखी होती. झाडाला अंडी लागल्यासारखी दिसत, म्हणून एगप्लांट. पुढे जांभळी वांगी मंडईत आली, पांढरी मागे पडली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पांढरी वांगी आपल्याकडेही मिळतात, तिकडच्या शेतकरी बाजारातही उन्हाळ्याच्या शेवटी कधी कधी दिसतात. दिसली तर नातवाला दाखवा. आपल्या शब्दाचा अर्थ त्यालाही बहुतेक ठाऊक नसेल.

आता कुठे काय म्हणायचं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे एगप्लांट. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ओबर्जीन. उच्चार 'ओबर्झीन'च्या जवळ, शेवटचं अक्षर लांबवून. भारत आणि दक्षिण आफ्रिका इथे ब्रिंजल, आणि मलेशिया-सिंगापूरच्या इंग्रजीतही तो ऐकू येतो. एवढं पुरे. पण ब्रिटनमध्ये एक मजा आहे ती तुम्हाला आवडेल. तिथल्या सुपरमार्केटात भाजीच्या फळीवर ओबर्जीन लिहिलेलं असतं, आणि त्याच दुकानात लोणच्यांच्या फळीवर 'ब्रिंजल पिकल'ची बाटली असते. करी हाउसच्या मेन्यूत 'ब्रिंजल भाजी' असते आणि गोरा गिऱ्हाईक ती बिनदिक्कत मागवतो. त्याच मेन्यूतली 'अनियन भाजी' म्हणजे मात्र आपली कांदाभजी. कुठल्या भाजीला सुकी भाजी समजायचं आणि कुठल्या भाजीला भजं, हे त्याला बरोबर कळतं. तेव्हा इंग्रजीला ब्रिंजल पचत नाही असं मुळीच नाही.

आणि आपल्याकडे तर तो सरकारी शब्द आहे. बाजार समित्यांच्या इंग्रजी भावपत्रकात ब्रिंजल, कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत ब्रिंजल. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते 'जळगाव भरित ब्रिंजल' या नावाने. गोव्यातल्या आगशीच्या वांग्यांनाही मानांकन आहे, तिथे कोंकणी नावच पुढे केलं. जालन्याच्या बियाणं कंपनीने शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारं जनुक घालून वांगं तयार केलं आणि त्यावरून देशभर रान उठलं, तेव्हा 9 फेब्रुवारी 2010 रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ज्याच्या लागवडीला स्थगिती दिली ते 'बीटी ब्रिंजल'. तीन वर्षांनी शेजारच्या बांगलादेशाने तसंच वांगं मंजूर केलं ते 'बीटी बेगून' म्हणून. वादाच्या निमित्ताने का होईना, ब्रिंजल हा शब्द परदेशी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत जाऊन आला.

तुमच्या सुनेचं म्हणणं मात्र मी सरसकट उडवून लावणार नाही. 'लोक हसतात' हे कारण मला पटत नाही. हसणाऱ्याला हसू द्यावं. पण शब्द समोरच्याला कळण्यासाठी असतो, आणि न्यू जर्सीतल्या दुकानात ब्रिंजल कळत नाही हे तुम्ही स्वतः पाहिलंत. तिथे स्पेलिंग सांगून उपयोग नव्हता. शाळेत आपण ज्याला चूक-बरोबर म्हणतो ते मंडईत चालत नाही, पुराणातली वांगी पुराणात. दुकानात एगप्लांट म्हणा, आणि घरी, फोनवर, साताऱ्याच्या मैत्रिणींशी इंग्रजीत बोलताना खुशाल ब्रिंजल म्हणा. यात कमीपणा नाही. कोल्हापुरात गेल्यावर आपण तिथल्यासारखं बोलायला लागतोच की.

पण दुकानात नुसतं एगप्लांट म्हणालात तरी तुमची फसगत होईल, हे मुद्दाम सांगते. अमेरिकन माणसाच्या डोळ्यांसमोर एगप्लांट म्हटलं की येतं ते भलं मोठं, काळपट जांभळं, चकचकीत फळ. त्याला तिथे ग्लोब असंही म्हणतात. ते भरायचं म्हटलं तर एकच वांगं पातेलंभर होईल. भरितासाठी ते चालतं, साल जाड असली तरी गॅसवर छान भाजलं जातं. फक्त जळगावच्या वांग्याची चव त्यात शोधू नका. लांब, सडपातळ, गडद असतं ते जॅपनीज. तसंच लांब पण फिकट जांभळं ते चायनीज. काप करायला ही दोन्ही उत्तम, बी कमी असतं. हिरवी-पांढरी, लहान गोल ती थाय, त्यांना हात लावू नका, भरलं वांगं करायला गेलात तर कडवट आणि बियाळ लागतील. तुम्हाला हवं ते 'इंडियन एगप्लांट' किंवा 'बेबी एगप्लांट'. आखूड, गोलसर, जांभळं, देठाला हिरवी टोपी. आपल्या 'मांजरी गोटा' जातीच्या वांग्याइतकं देखणं नसतं आणि कृष्णाकाठच्या वांग्याची तर गोष्टच सोडा, पण भरता येतं.

याहून सोपा मार्ग म्हणजे तुमच्या न्यू जर्सीतल्याच एडिसनचा ओक ट्री रोड. तिथल्या देशी दुकानांत भाव विचारताना ब्रिंजल, बैंगन, वांगी काहीही म्हणा, कळेल. मालक गुजराती असेल तर लहान भरायच्या वांग्यांच्या खोक्यावर 'रवैया' लिहिलेलं दिसेल. गुजरातीत वांगं म्हणजे रींगण, पण भरायच्या छोट्या वांग्यांना, आणि ती भरून केलेल्या भाजीलाही, रवैया म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा. लंडनमध्येही तो उपयोगी पडतो.

आता बाई, तुम्ही शिकवणाऱ्या म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. आपल्या मुलांच्या इंग्रजीत वांग्यापाशी जी खरी चूक होते ती ब्रिंजल नाही. ती आहे 'ब्रिंजल्स व्हेजिटेबल'. 'आय एट ब्रिंजल्स व्हेजिटेबल.' मराठीत भाजी हा एकच शब्द पिशवीतली कच्ची भाजी, गड्डीतली पालेभाजी आणि पातेल्यातली शिजलेली भाजी या सगळ्यांना चालतो. इंग्रजीत व्हेजिटेबल म्हणजे फक्त ती वनस्पती, कच्ची किंवा उकडलेली. फोडणी देऊन, मसाला घालून केलेल्या पदार्थाला ते व्हेजिटेबल म्हणत नाहीत. त्यामुळे वांग्याची भाजी खाल्ली हे सांगायला 'ब्रिंजल करी' म्हणावं, नाहीतर सरळ पदार्थाचं मराठी नाव सांगून पुढे एका वाक्यात तो कसा असतो ते सांगावं. मला दुसरं जास्त आवडतं. करी म्हटलं की रस्सा, सुकं, भरलेलं, परतलेलं सगळं एकाच पातेल्यात ढवळलं जातं.

दुसरी चूक अनेकवचनाची. मंडईत मोजून घेतो तेव्हा 'थ्री ब्रिंजल्स', 'टू एगप्लांट्स'. पण शिजल्यावर, किंवा आवडनिवड सांगताना, एकवचन: 'आय लाइक ब्रिंजल', 'देअर इज एगप्लांट इन इट'. आपण 'मला वांगी आवडतात' असं अनेकवचनात म्हणतो, म्हणून मुलं 'आय लाइक ब्रिंजल्स' लिहितात. कळायला कळतं, पण कानाला खटकतं. गावी परतल्यावर पुन्हा कुणाला शिकवणार असाल तर पाचवी-सहावीत ब्रिंजलच शिकवा. आठवी-नववीत मुलं जरा मोठी झाली की फळ्यावर तिन्ही नावं शेजारी शेजारी लिहा आणि कुठलं कुठे चालतं ते सांगा. परदेशातल्या परीक्षांना बसणाऱ्यांना ते माहीत हवंच.

ब्रिंजलने दुकानात नुसता घोटाळा झाला. तुमच्याकडे याहून धोक्याचे शब्द आहेत, ते आत्ताच बाजूला काढून ठेवा. भेंडीला आपण लेडीज फिंगर म्हणतो. अमेरिकेत लेडीफिंगर मागितलंत तर लांबट, साखर भुरभुरलेली हलकी बिस्किटं हातात पडतील. तिथे भेंडी म्हणजे ओक्रा. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतला, गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर अमेरिकेत गेलेला. ओक्रा मला लेडीज फिंगरपेक्षा कितीतरी बरा वाटतो. बाईचं बोट चिरून फोडणीला टाकायचं ही कल्पना कुणाला सुचली कोण जाणे. शेवग्याच्या शेंगेला ड्रमस्टिक म्हणू नका, कोंबडीची तंगडी मिळेल. 'मोरिंगा पॉड्स' म्हणा. ढोबळी मिरची म्हणजे बेल पेपर, कॅप्सिकम म्हटलेलं ऑस्ट्रेलियात कळेल, तुमच्या इथे नाही.

सगळ्यात घातकी शब्द कोरिअँडर. भारतात आणि ब्रिटनमध्ये तो कोथिंबिरीलाही चालतो आणि धन्यांनाही. अमेरिकेत कोरिअँडर म्हणजे फक्त धने. हिरव्या कोथिंबिरीला तिथे सिलँट्रो म्हणतात, स्पॅनिशवरून. तुमच्या अमेरिकन शेजारणीला हिरव्या चटणीची कृती लिहून दिलीत आणि त्यात 'एक वाटी कोरिअँडर' लिहिलंत, तर ती बिचारी वाटीभर धने मिक्सरात घालेल.

आणखी एक, जरा हळू आवाजात. तुमच्या मोबाइलमध्ये वांग्याचं एक चित्र आहे, जांभळं, हिरव्या देठाचं. जगभरच्या संगणकांसाठी चिन्हं ठरवणाऱ्या युनिकोडने 2010 मध्ये ते यादीत घेतलं आणि त्याचं अधिकृत नाव ठेवलं ओबर्जीन. तरुण मंडळी ते चित्र वांग्यासाठी वापरत नाहीत. कशासाठी वापरतात ते सुनेला विचारा, नातवाला विचारू नका. प्रकरण इतकं वाढलं की 2015 मध्ये इन्स्टाग्रामने त्या चित्राचा हॅशटॅग शोधायची सोय बंद केली होती. तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर 'मी भरली वांगी आणते' असं अक्षरांत लिहा. चित्र टाकू नका.

चिठ्ठीकडे येऊ. पण आधी एक शंका. कार्यक्रम गणपतीचा आहे, म्हणजे चातुर्मास चालू असणार. कांदेनवमीला कांदा आणि वांगं पोटभर खाऊन घेतलेली आणि आता चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वांग्याला न शिवणारी मंडळी एडिसनलाही असतात, किंबहुना गावाहून जरा जास्तच असतात. त्यांच्यासाठी शेजारी दुसरं काही असेल याची मंडळात चौकशी करा. तुमच्या घरी चातुर्मास पाळत नसाल तर तुम्ही खुशाल वांगी न्या, पण मग चिठ्ठीवर वांगं हा शब्द ठळक हवा, म्हणजे पाळणाऱ्याला डाव भरण्याआधीच कळेल.

पहिल्या ओळीत देवनागरीत मोठ्या अक्षरांत 'भरली वांगी', आणि त्याच्याखाली तेच रोमन लिपीत. नावाचं भाषांतर करू नका. तुमच्या नातवाच्या मित्रांना पिझ्झा, सुशी, टाको म्हणता येतं. भरली वांगीही म्हणता येईल, फार तर 'भारली वांगी' म्हणतील. दुसऱ्या ओळीत इंग्रजीत खुलासा: 'स्टफ्ड बेबी एगप्लांट इन अ पीनट अँड सेसमी मसाला'. इथे एगप्लांटच लिहा, कारण चिठ्ठी वाचणारा अमेरिकन आहे. 'स्टफ्ड ब्रिंजल' लिहिलंत तर आत काय भरलंय हे विचारण्याआधी तो बाहेर काय आहे हे विचारेल. 'एगप्लांट' या शब्दाने मात्र एखादा अंडं न खाणारा पाहुणा गोंधळू शकतो. आपल्यातल्या वयस्कर माणसांच्या बाबतीत हे खरंच होतं, आजी-आजोबांना वाटतं अंड्याचं काहीतरी आहे. म्हणून वरची मराठी ओळ गाळायची नाही.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच आपल्या बायका विसरतात. तुमच्या मसाल्यात दाण्याचं कूट आहे आणि तीळही आहेत. अमेरिकेत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं बरीच असतात, आणि ती गंभीर असू शकते, नुसतं अंगावर पित्त उठून थांबेल असं नाही. तिथल्या कायद्यानुसार पाकीटबंद खाण्यावर शेंगदाणा स्पष्ट लिहावाच लागतो, आणि 1 जानेवारी 2023 पासून तीळही त्या यादीत नववा म्हणून आला. घरून नेलेल्या पातेल्याला तो कायदा लागत नाही, पण चिठ्ठी वाचणारी आई त्या सवयीने वाचते; लिहिलेलं नसेल तर पदार्थात नाही असं धरून चालते. म्हणून लाल शाईने 'कंटेन्स पीनट्स अँड सेसमी' लिहा. गोडा मसाला घरचा असेल तर त्यातही तीळ असतात, तेव्हा 'मी तीळ वरून घातले नाहीत' म्हणून ते गाळू नका. काजू घालत असाल तर तेही लिहा. आणि त्या पातेल्यातला डाव शेजारच्या मसालेभातात जाणार नाही इकडे कुणालातरी लक्ष ठेवायला सांगा, नातवाला सांगितलंत तरी चालेल.